दिसत न्हाई त्याचा खर्चा

रविवार, १४ मे २०२३, दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे. परतुरात मंठ्याच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडसमोर वडिलांची जुनी गाडी उभी होती. इंजिन चालू होते आणि डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत मी प्रयोगशाळेतला तापमापक खोचला होता. बाहेर त्रेचाळीस अंश होते. शेजारी बसलेल्या उत्तममामांनी दुसऱ्या जाळीला डावा गाल लावला, डोळे मिटले आणि क्षणभर श्वासही रोखला.

"बराबर," ते म्हणाले.

"मामा, नऊ अंश."

"तुझं नऊ, माझं बराबर. भांडण कुठं हाय?"

उत्तममामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते केदारखेड्याचे आणि माझी आईही केदारखेड्याची. आईच्या गावचा माणूस तो मामा, या नियमाला आमच्याकडे अपवाद नाही. मी मामा म्हणते म्हणून शेजारी म्हणू लागले, शेजाऱ्यांचे ऐकून ड्रायव्हर म्हणू लागले, आणि माझे शिक्षण पूर्ण होईपर्यंत अर्धा तालुका त्यांचा भाचा झाला होता. ते गाड्यांचे ए.सी. दुरुस्त करीत. शेडवर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'येथे गाडी गार करून मिळेल'. 'गार' या शब्दातून बर्फाचे थेंब ओघळताना दाखवले होते. पाहणाऱ्यांना ते अश्रू वाटत. मामांना त्याचे वाईट वाटे.

डॅशबोर्डखाली वाकून वाकून त्यांच्या पाठीला बाक आला होता. त्यांची दाढी मात्र दोन प्रकारची असे. उजव्या गालावर तीन दिवसांचे खुंट आणि डावा गाल तुळतुळीत. उन्हाळ्यात डावा गाल ते दिवसातून दोनदा घोटत. कारण विचारले की म्हणत, "हत्यार हाय ते. हत्याराला धार नको?" सुमनमामी यावर म्हणत, "लग्नात बी अर्धंच तोंड करून आल्ते. फोटोवाल्यानं एकाच बाजूनं काढले समदे फोटो."

माणसांची नावे त्यांना आठवत नसत, गाड्या आठवत. आमच्या वडिलांना, गणिताच्या शिक्षकाला, ते कित्येक वर्षे 'पांढरी, उजवा दरवाजा दबलेली' म्हणून ओळखत. घामेजल्या माणसाशी पैशांचे बोलायचे नाही हा त्यांचा कडक नियम होता. "गरमीत माणूस खरं बोलत न्हाई. आधी गार व्हा, मंग भाव करा." गिऱ्हाइकाला ते आधी माठातले पाणी देत, गाडी सुरू करून थंड हवेत बसवत आणि मग किंमत सांगत. असा थंडावलेला माणूस फारशी घासाघीस करीत नसे, हे त्यांच्या ध्यानात आले होते की नाही, याचा मला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. त्यांच्या स्वतःच्या शेडमध्ये साधा पंखाही नव्हता.

एकदा जालन्याच्या दवाखान्यातून बाळंतीण आणि तिचे चार दिवसांचे बाळ घेऊन निघालेली भाड्याची गाडी शेडसमोर थांबली. ए.सी. बंद पडला होता आणि बाळ लालबुंद झाले होते. मामांनी हातातले काम टाकले, त्या गाडीचा फुटका पाइप बदलला, गॅस भरला. बाळाच्या आजोबांनी खिशात हात घातला तेव्हा मामा जवळजवळ रागावलेच. "बाळ गार करायचे पैसे घेत असतेत का? बाळ म्हंजे काय सामान हाय?" ते कुटुंब पुढे दरवर्षी त्यांना चिंचा आणून देई.

हा प्रसंग मी त्यांच्या थोरवीसाठी सांगत नाही. त्यांचा घात ज्या गुणाने केला, तो हाच होता. आलेला माणूस परत पाठवणे त्यांना जमत नसे.

गाडीचा ए.सी. दुरुस्त करणे म्हणजे केवळ गॅस भरणे नव्हे. आधी गळती शोधायची असते. उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यायचा असतो. निर्वात पंप लावून नळ्यांतील हवा आणि ओल ओढून काढायची असते आणि त्यासाठी अर्धा-पाऊण तास वाट पाहावी लागते. मग योग्य ते तेल, आणि शेवटी त्या गाडीसाठी ठरवून दिलेला गॅस, ठरवून दिलेल्या वजनाने. एवढ्या सगळ्यातून गिऱ्हाइकाला कळते ती फक्त शेवटची गार हवा. म्हणून भाव उतरवायची वेळ येते तेव्हा कळत नाही ते आधी वगळले जाते, आणि हवा पूर्वीइतकीच गार लागते.

मंठ्याच्या रस्त्यावर पुढे एक नवे दुकान झाले आणि त्याने निम्म्या भावाचा फलक लावला, तेव्हा मामांनी हाच मार्ग धरला. प्रथम पंपाची वेळ निम्मी झाली. मग पंप लावणेच थांबले. दिवाळीत मी शेडमध्ये गेले, तर पंपावर चहाचे ग्लास ठेवलेले होते.

"मामा, हा चालवत नाही?"

"चालतो की. टेबल म्हणून चालतो." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "पोरी, दिसत न्हाई त्याचा खर्चा गिऱ्हाइकाच्या बोकांडी कशाला?"

मी त्यांना ओलीबद्दल, आत तयार होणाऱ्या आम्लाबद्दल, त्याने हळूहळू पोखरल्या जाणाऱ्या आतल्या धातूच्या जाळीबद्दल सांगितले. त्यांनी मन लावून ऐकले. सासरी निघालेल्या मुलीचे ऐकतात तसे.

त्यानंतर मला जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात नोकरी लागली. ज्वालाग्राही वायूंची गळती मोजणे हे माझे काम होते. परतूरला जाणे सणापुरते उरले. पुढच्या उन्हाळ्यात शेडमध्ये काय बदलले, ते मला नंतर मामांच्याच तोंडून कळले.

खरा गॅस महागला होता. मामांना कुणीतरी सांगितले की स्वयंपाकाचा गॅस भरला तरी गाडी गार होते, उलट जास्तच होते. मामांना यात वावगे दिसले नाही. आपल्याकडे चुलीखाली जळतो तो गॅस, व्हॅन पळते तो गॅस, वांग्याच्या भाजीने पोटात धरतो तो गॅस, आणि गाडी गार करतो तोही गॅसच. चार वेगळ्या पदार्थांना आपण एकच नाव दिले. "गॅस म्हंजे गॅस," मामा म्हणत. त्यांनी एका गाडीत भरून पाहिला, जाळीला गाल लावला आणि दचकून मागे सरले. इतका गारवा त्या गालाने कधी अनुभवला नव्हता.

तो गारवा खोटा नव्हता, हे मला नोंदवलेच पाहिजे. त्याच जातीचा वायू घरच्या फ्रिजमध्येही असतो. मात्र तिथे तो अगदी थोडा आणि कायमच्या बंद नळीत असतो. गाडी हादरते, तिचे सांधे रबराचे असतात, आणि हवा गार करणारी जाळी माणसांच्या गुडघ्यांसमोर, डॅशबोर्डच्या आतच बसवलेली असते. ओलीने पोखरलेल्या त्या जाळीतून गळणारा वायू थेट बंद काचांच्या आत येतो, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे पायांशी साचून राहतो.

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंध मिसळलेला असतो, तो गळती कळावी म्हणून. तो दुर्गंध आपले काम चोख करीत होता. एकामागून एक माणसे येऊन सांगत होती, "मामा, गाडीत वास येऊन राह्यला."

"नवा गॅस हाय. चार दिवस येत असतो," मामा सांगत. "उदबत्ती लाव."

नारायण हा जांब समर्थच्या दर्शनाला लोकांना नेणारा ड्रायव्हर. मामा त्याला 'बदामी' म्हणत, त्याच्या गाडीच्या रंगावरून. त्याला मामांच्या सल्ल्याची गरजही नव्हती. डॅशबोर्डवरच्या मारुतीला उदबत्ती ओवाळल्याशिवाय तो चाक हलवीत नसे. मामांच्या सांगण्यावरून त्याने एकीच्या दोन केल्या, एवढेच. त्याच्या पुढच्या वर्षी, एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी त्याने आपल्या घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये रात्रभर बंद असलेल्या गाडीचे दार उघडले, आत बसून धूळ येऊ नये म्हणून ते ओढून घेतले, आणि काडी ओढली.

गाडीच्या काचा बाहेर उडाल्या. नारायण वाचला. चेहरा बराचसा बरा झाला. हातांची कातडी मात्र आक्रसली आणि बोटे अर्धवट मिटलेली राहिली.

मामा पहिले दोन दिवस म्हणत राहिले, "शॉर्ट सर्किट झालं आसंल." तिसऱ्या दिवशी ते जालन्याला दवाखान्यात आले. मी तिथे होते. नारायणच्या डोळ्यांवरची पट्टी तेव्हाच काढली होती. मामांना पाहून तो उठू लागला, मामांनी त्याला खांद्याला धरून झोपवले. बराच वेळ दोघे ऊन किती वाढले यावर बोलले. मग नारायणने आवाज खाली आणून, खरोखरच्या शंकेने विचारले:

"मामा, म्या साधीच लावली व्हती. तुम्ही सांगितली ती येगळी उदबत्ती व्हती का?"

मामांनी नारायणच्या पायावरचे पांघरूण नीट केले, पुन्हा नीट केले, आणि बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मी शेजारी बसले. मग त्यांनी मला सगळे सांगितले: सिलेंडर, गाड्या, उदबत्ती. संपल्यावर म्हणाले, "अजून हायत गाड्या. अन् पेठेत काड्याच काड्या."

नारायणच्या घरच्यांना आणि पोलिसांना त्यांनी स्वतः जाऊन खरे सांगितले. खटला सुरू झाला, तो अजून चालू आहे. पण मामांना त्यापेक्षा घाई होती ती दुसऱ्या कुणी काडी ओढण्याआधी उरलेल्या गाड्यांतला गॅस काढून टाकण्याची. शेडला कुलूप लागले. कारखान्याच्या परवानगीने वायुमापक घेऊन मी दर रविवारी परतूरला जाऊ लागले. यंत्र मुठीत मावणारे असते, त्याला लांब नळी असते, आणि पेट घ्यायला जेवढा वायू लागतो त्याच्या किती टक्के हवेत आहे, ते सांगते. शंभर म्हणजे ठिणगी पडताच पेट. दहाला आमच्या कारखान्यात भोंगा वाजतो आणि माणसे काम टाकून बाहेर पडतात.

कोणत्या गाड्यांत गॅस भरला, हे मामांना पाठ होते. गाडी ते विसरत नसत. अडचण मालकांची होती. मे महिन्यात कुणालाही आपला गारवा परत द्यायचा नव्हता.

"मागल्या साली पैसे घेऊन गार केली," एक मास्तरीणबाई म्हणाल्या, "अन् यंदा फुकटात गरम करायला आलात होय?"

"हो बाई. तसंच समजा," मामा म्हणाले आणि बॉनेट उघडले.

आष्टीला एका घरी गाडी नवरीसाठी सजवलेली सापडली. मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "मामा, वऱ्हाड जाऊ द्या, मंग काय काढायचं ते काढा. नवरी घामानं भिजली तर नाव कुणाचं जाईल?" मामांनी गाडीची चावी काढून कमरेला खोचली आणि ते सरळ पंगतीत जाऊन बसले. "चावी हितं हाय. पोलिसाला बोलवायचं तर बोलवा. त्याची बी गाडी मीच भरली व्हती, ती बी राह्यलीच हाय." मांडवात हशा पिकला. मठ्ठा संपेपर्यंत वडील नरमले. नवरी उघड्या खिडक्यांनी सासरी गेली, आणि जाताना ती आपणहून मामांच्या पाया पडली.

गाडी रिकामी करायची ती मोकळ्या वावरात, वाऱ्याकडे पाठ करून. मोबाइल, विड्या, काड्या सगळे रस्त्यावर ठेवून यायचे. एकदा बघ्यांतल्या एकाने सवयीने विडी शिलगावली, तेव्हा आयुष्यात कुणाला 'अरे' न म्हणणाऱ्या मामांनी धावत जाऊन त्याच्या तोंडातली विडी थप्पड मारून उडवली. मग त्याचीच माफी मागत बसले.

त्या दिवसांत त्यांच्यात एक बदल झाला. ते जाळीला गाल लावीनासे झाले. दोन्ही गालांवर सारखीच दाढी वाढली. मी नळी गाडीत सोडली की ते दोन पावलांवर उभे राहत आणि विचारत, "किती?" मी आकडा सांगे. दोन, शून्य, पाच. एकदा बारा निघाले, तेव्हा ते खाली बसले. एकेक करून सगळ्या गाड्या झाल्या. एक सोडून.

ती करडी गाडी. एका बियाण्याच्या दुकानदाराची. त्याने ती हिवाळ्यात परभणीकडच्या कुणाला तरी विकली होती, आणि नवा मालक रोकड देऊन गेला होता. त्याचे नाव दुकानदाराला धड सांगता येईना. मग मामांनी गावाबाहेरचे रेल्वे फाटक धरले. त्यांचा विचार साधा होता: फाटक पडले की परभणीच्या गाड्या थांबतात, आणि या उन्हात काचा वर करून ए.सी. चालू ठेवतात. थांबलेली गाडी न्याहाळता येते. ते सकाळपासून तिथे उभे राहत. सुमनमामी दुपारी डबा घेऊन जात आणि फाटकवाल्याला सांगत, "ह्यांना सावलीत तरी उभं करा हो. गाडी सावलीतनं बी दिसती."

जूनचा पहिला रविवार. संशोधनासाठी मी बेंगळुरूला निघणार होते, त्याआधी माझ्या हाती असलेला हा शेवटचा. मी निरोप घ्यायला गेले होते, यंत्र परत करायचे म्हणून पिशवीतच होते. फाटक पडले. पाचव्या क्रमांकावर येऊन एक करडी गाडी थांबली. मामा माझ्याशी बोलता बोलता थबकले.

"मागचा दिवा बदललेला. तीच."

त्यांनी काच वाजवली. आतल्या माणसाने ती तीन बोटे खाली घेतली. आतून चंदनाच्या अत्तराचा दाट वास आला. समोर गणपती होता, त्याच्यापुढे अर्धी जळून विझलेली उदबत्ती. मागच्या आसनावर दोन मुले एकमेकांच्या अंगावर झोपली होती.

"साहेब, ह्या गाडीत गॅस म्या भरलाय. जुन्या मालकाच्या टायमाला. चुकीचा हाय, पेटतो. पाच मिनिटं द्या, हितंच बाजूला काढून देतो. पैसे बिलकुल न्हाईत."

"पैसे नाहीत?" तो हसला. "मग तर कळलंच. आधी फुकट काढायचा, नंतर गार होत नाही म्हणून दुकानात न्यायचं. मागच्या वर्षी असाच गंडवलाय मला एकानं. दर उन्हाळ्याला नवी तऱ्हा तुमची."

"दुकान बंद केलं, साहेब."

मी काचेच्या फटीतून नळी आत सोडली होती. "मी या वायूंचंच काम करते. हे यंत्र पाहा," मी म्हणाले.

"आणि ही पोरगी कशाला? विश्वास बसावा म्हणून?"

त्याचे काय चुकले, हे मी अनेकदा तपासून पाहिले आहे. काही चुकले नाही. स्वस्तात गाड्या गार करणाऱ्यांनी या रस्त्यावर जे पेरले होते, त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष तर्काला धरून होता. मामा आता पुन्हा, काही न वगळता, पुरे काम करू पाहत होते, आणि ते फसवणुकीसारखे दिसत होते.

आगगाडी धडधडत निघून गेली. फाटक उचलले गेले, मागून हॉर्न सुरू झाले. काच वर जाऊ लागली. मी नळी ओढून घेतली. मामांनी काचेवर बोटे रोवली आणि शेवटच्या क्षणी काढली.

"काडी ओढू नका!" ते गाडीबरोबर धावत ओरडत होते. "मागं लेकरं हायत! ए.सी. असू द्या, नुसती काच उघडी ठेवा! नुसती काच!"

गाडीचा क्रमांक मी टिपला. त्याच संध्याकाळी तो पुढच्या पोलीस चौकीला कळवला, दुसऱ्या दिवशी परिवहन कार्यालयाला लिहिले. कागदोपत्री गाडी अजून बियाण्याच्या दुकानदाराच्याच नावावर होती. नाव बदलण्याचा खर्चही कुणीतरी वाचवला होता. बेंगळुरूहून मी आजही विचारणा करते. मामा अजून फाटकावर जातात, असे आई सांगते. मी त्यांना पाहिले ते त्या दुपारी शेवटचे: रुळांच्या पलीकडे, गुडघ्यांवर हात टेकून, वाकलेले. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या. करडी गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तिच्या चारही काचा बंद होत्या. मामांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहून ओरडून विचारले, "किती?"

मी पडद्यावर पाहिले. सतरा.